'उसनी साखर', उजवीकडून

भिंतीवरच्या हार घातलेल्या फोटोतला म्हातारा एका शुक्रवारी दार उघडून आत आला आणि म्हणाला, "वाटीभर साखर आहे का हो?"

थेरेसाच्या हातातली बशी कलंडली आणि चहा गालिच्यावर सांडला. "जेजू! हा तर मेलेला ना?"

"मेलेलाच," सकिना म्हणाली. "अख्खी पहिली कॅसेट फोटोला हार होता. मी बघितलाय. दोनदा तर बदलला पण."

"मग आता साखर कुणाच्या चहाला मागतो?"

मार्टिनने रिमोट दाबून चित्र थांबवले. म्हातारा वाटी पुढे करून पडद्यावर थरथरत उभा राहिला. मग मार्टिन, थेरेसा आणि सकिना या तिघांनीही कोपऱ्यातल्या खुर्चीकडे पाहिले. त्या खुर्चीत नूरुद्दीन बसला होता. कॅसेटी त्याच्या ताब्यात होत्या, त्यांवरचे आकडे त्यालाच वाचता येत होते, त्यामुळे मालिकेत जे काही घडेल त्याची जबाबदारी आपोआप त्याच्यावर आली होती.

"नूरभाय, बरोबर कॅसेट लावली ना?" मार्टिनने विचारले.

नूरुद्दीनने चष्मा पुसला, कॅसेटचे रिकामे खोके डोळ्यांजवळ नेले. "दोनच आहे. एकनंतर दोन."

"मग हा कसा आला?"

"मालिकेत येतात," नूरुद्दीन हळूच म्हणाला. "मेलेली माणसं मालिकेत परत येतात."

हे खरे होते. चौघांनीही आपापल्या आयुष्यात मालिकेतली इतकी माणसे मरून परत आलेली पाहिली होती, की वाद तिथेच मिटला. मार्टिनने पुन्हा बटण दाबले. म्हाताऱ्याला साखर मिळाली.

ही गोष्ट अठ्ठ्याण्णव सालची. मस्कतमध्ये दार्सैतच्या एका इमारतीत तिसऱ्या मजल्यावर समोरासमोर दोन दारे होती. एका दारामागे वसईचा मार्टिन लोपीस आणि थेरेसा, दुसऱ्यामागे हर्णैचा नूरुद्दीन, त्याची बायको सकिना आणि आठवीतली मुलगी मेहविश. दर शुक्रवारी नूरुद्दीन जुम्म्याहून आला, आणि मार्टिन चर्चमधून आला, कारण इथे मार्टिनचा रविवारही शुक्रवारीच असे, की चार वाजता सगळे मार्टिनच्या घरी जमत. व्हीसीआर मार्टिनचा, कॅसेटी नूरुद्दीनच्या, चहा थेरेसाचा आणि टोमणे सकिनाचे अशी वाटणी होती.

मालिकेचे नाव 'उसनी साखर'. मुंबईत ती गेली चार वर्षे गाजत होती. दरवर्षी तेरा भागांचे एक पर्व येई. सकिनाचा मुंब्र्याचा भाऊ अरहम याने ती चारही पर्वे टीव्हीवरून उतरवून घेतली होती, एका पर्वाला एक लांबलचक कॅसेट. अरहम काटकसरी माणूस. जाहिराती आल्या की तो रेकॉर्डिंग थांबवी, आणि सुरुवातीची नावे दाखवणे म्हणजेही टेपची नासाडीच, असे त्याचे मत असल्यामुळे नावेही गाळी. कॅसेटींच्या खोक्यांच्या कडेवर त्याने जाड मार्करने 'पर्व १', 'पर्व २' असे ठसठशीत मराठी आकडे घातले आणि मस्कतला येणाऱ्या शकीला नावाच्या नात्यातल्या बाईबरोबर त्या पाठवल्या.

त्या काळी बाहेरून आलेल्या कॅसेटी विमानतळावर ठेवून घेत. तिथे त्या पाहून, आठवड्याभराने परत देत. त्या तपासणाऱ्या माणसाने चारही कॅसेटी टेबलावर ओळीने उभ्या केल्या. डावीकडे पहिली, उजवीकडे चौथी, अरहमने बांधल्या होत्या तशाच. मग त्याने आपल्या सवयीने, म्हणजे जसे तो लहानपणापासून लिहीत-वाचत आला होता तसे, उजवीकडून सुरुवात केली आणि एक, दोन, तीन, चार असे अरबी आकड्यांचे कागद नीट चिकटवले. ते अरहमच्या आकड्यांवरच बसले. त्या माणसाचे काहीच चुकले नव्हते. त्याच्या बाजूने मोजले तर पहिली तीच होती.

कॅसेटी परत देताना तो नूरुद्दीनला मोडक्या हिंदीत म्हणालाही होता, "बुड्ढा अच्छा आदमी. शुगर वाजिद, बहुत खाता." नूरुद्दीन लाजून हसला आणि आभाराचे 'शुक्रन' म्हणून निघून आला.

नूरुद्दीन हा शंकेखोर माणूस. दुसऱ्यांविषयी नव्हे, स्वतःविषयी. कुरुममधल्या एका चष्म्याच्या दुकानात तो वीस वर्षे लोकांचे डोळे तपासत होता. गिऱ्हाईक शेवटची ओळ धडाधडा वाचून दाखवी, तरी हा विचारी, "नक्की दिसतंय ना? का पाठ आहे?" घराची कडी लावून जिना उतरला की पुन्हा वर येऊन कडी पाही. पत्र पेटीत टाकले की आपण पत्ता घातला का, याचा विचार तीन दिवस करी. उरलेल्या वेळात तो पुस्तके वाची, कारण पुस्तकातली चूक आपली नसते. फक्त अरबी आकड्यांविषयी त्याला कधी शंका आली नव्हती. ते तो हर्णैच्या मदरशात पाचव्या वर्षी शिकला होता. जन्मभर नको तिथे शंका घेणाऱ्या या माणसाने, जिथे घ्यायला हवी होती तिथे मात्र ती घेतली नाही.

अशा रीतीने दार्सैतच्या तिसऱ्या मजल्यावर 'उसनी साखर' शेवटाकडून सुरू झाली.

पहिल्याच कॅसेटमध्ये कोर्ट होते, विजा होत्या, एका थपडेला तीन बाजूंनी दाखवत होते. कुंदा नावाची जाडसर बाई तेरा भाग रडली. तिचा नवरा बापट याची स्मृती गेली होती. आत्याबाई नावाची एक बाई दागिन्यांसाठी सगळ्यांना छळत होती. भिंतीवर आप्पा राजवाडे यांचा हार घातलेला फोटो होता आणि प्रत्येक भागाच्या शेवटी सगळे त्या फोटोकडे बघून हुंदके देत.

"ही विनोदी मालिका हाय?" सकिनाने विचारले होते. "माझ्या भावानं हसायला पाठवली का रडायला?"

"सुरुवात आहे," नूरुद्दीन म्हणाला. "हळूहळू रंग चढेल."

आणि खरोखरच चढला. दुसऱ्या कॅसेटमध्ये आप्पा राजवाडे वाटी घेऊन दारात उभे राहिले. आत्याबाई आधी घरातच नव्हत्या. मधेच ट्रंक घेऊन आल्या, तेव्हा थेरेसा म्हणाली, "आली परत! गेली कधी होती?" शेवटच्या भागात आप्पा वारले.

"पुन्हा?" मार्टिन ओरडला.

"यावेळी नीट मेले," सकिना म्हणाली. "मागच्या टायमाला नुसता फोटो होता."

तिसऱ्या कॅसेटमध्ये आप्पा पुन्हा हजर. आता कुणी बशीसुद्धा हलवली नाही. "ह्या माणसाला मारून उपयोग नाही," एवढेच मार्टिन म्हणाला आणि त्याने बिस्किट चहात बुडवले. थेरेसाला वेगळीच काळजी लागली होती. "ह्यांचा मुलगा कुठे गेला? मागे चार वर्षांचा होता, मग रांगत होता, आता दिसतच नाही."

"बोर्डिंगला टाकला असेल," मार्टिन म्हणाला.

"रांगणाऱ्या पोराला?"

"श्रीमंत लोक टाकतात."

"ममा, ॲक्च्युअली..." मेहविशने पुस्तकातून डोके वर काढले. "ते सगळे... कसं बोलतात... बारीक होत चाललेत."

"डायटिंग," सकिना म्हणाली. "कुंदा बघ पयल्यापेक्षा किती सुधारलीय. नायतर आपण. वरीस झाला की दोन इंच."

मग कुंदाचे बापटशी लग्न झाले. थेरेसाने लगेच उलगडा केला, की त्या कोर्टात घटस्फोट झाला असणार, अरहमने तो जाहिरातीबरोबर कापला असणार, आणि आता दोघे नव्याने लग्न करत आहेत. "छान केलं," ती डोळे पुसत म्हणाली. "चर्चमध्ये नाही चालणार, पण छान केलं."

चौथी कॅसेट आली आणि सगळी खोली हसून लोळू लागली. कुंदा सडपातळ, बापट लाजरा, आणि दोघे एकमेकांना 'मिस कुंदा' आणि 'अहो बापट' म्हणत होते. "लग्न होऊन अनोळखी असल्याचं सोंग करतायत!" मार्टिनने मांडीवर थाप मारली. "काय डोकं चालवलंय मॅन!" ना आत्याबाई, ना कोर्ट, ना पोर, ना विजा. दोन समोरासमोरची दारे, एक एकटा म्हातारा, आणि त्याची ती वाटी. घरात डबाभर साखर असून तो रोज शेजारी साखर मागायला जाई, कारण साखरेशिवाय दार ठोठावायला त्याच्याकडे दुसरे कारण नव्हते. शेवटच्या भागात कुंदाला त्याच्या घरात साखरेचा भरलेला डबा सापडतो. ती आपली रिकामी वाटी उचलते आणि त्याच्याकडे साखर मागते.

मालिका संपली तरी कुणी उठले नाही. थेरेसा म्हणाली, "सकिना, तू परवा साखर मागायला आलीस, तेव्हा तुझ्या घरात होती ना?"

"चहा गार होतोय तुझा," सकिना म्हणाली.

त्या आठवड्यात थेरेसाची बहीण शेरॉन हिचा वसईहून फोन आला. ती म्हणाली की त्या 'उसनी साखर'चे पार वाटोळे झाले, नुसती रडारड. "रडारड सुरुवातीला होती गं," थेरेसाने तिची समजूत काढली. "जरा धीर धर. पुढे खूप मजा येते." शेरॉनने फोन ठेवल्यावर नवऱ्याला सांगितले, की मस्कतच्या उन्हाने थेरेसावर परिणाम झालाय.

इथपर्यंत हा घरातला मामला होता. तो घराबाहेर नेला नयनाताईंनी. नयनाताई मराठी मंडळाच्या चिटणीस. एका संध्याकाळी त्या नव्या चष्म्यासाठी नूरुद्दीनच्या दुकानात आल्या आणि खुर्चीत बसताच सुस्कारा सोडून म्हणाल्या, "नूरुद्दीनभाई, मोठं संकट आहे. पुढच्या महिन्यात 'उसनी साखर'चे लेखक येतायत. भालचंद्र उकिडवे."

"वरून वाचत या," नूरुद्दीन म्हणाला.

"ई, एफ, पी. स्वागताचं भाषण कुणी करायला तयार नाही. सगळ्यांचं एकच. मालिका आधी बरी होती, मग बिघडली. आणि पुण्यात कुणीतरी नेमकं हेच विचारलं, तर उकिडवे भर कार्यक्रमातून उठून गेले. लिखाण सोडणार म्हणतायत. इथे तसं झालं तर मंडळाचं नाक कापलं जाईल हो. टी, ओ, झेड. मी स्वतः दुसऱ्या पर्वानंतर सोडून दिली. तुम्ही पाहिलीत?"

"चारही पर्वं."

"आणि?"

नूरुद्दीनने भिंग बदलले. "मला वाटतं... माझं चुकतही असेल... पण दर पर्वाला ती सुधारत गेली."

नयनाताईंनी चाचणीचा चष्मा लावूनच त्याच्याकडे निरखून पाहिले. "सुधारत गेली?"

"फार. पहिलं पर्व बघवत नाही असं, पण चौथं म्हणजे..." त्याने भिंग पुसले. "चौथं पाहून आम्ही उठलोच नाही."

"तुम्हीच बोलायचं," नयनाताई म्हणाल्या. "ठरलं."

"नाही, मी म्हणजे... बहुतेक..."

"बहुतेक म्हणजे हो," असे म्हणून नयनाताई चष्म्याची पावती घेऊन गेल्या.

नूरुद्दीन आयुष्यात एकदाच चारचौघांत बोलला होता, स्वतःच्या निकाहात, आणि तेही तीन वेळा एकच शब्द. त्या रात्री तो जेवला नाही. दुसऱ्या दिवसापासून भाषण लिहायला बसला. त्याने ते अकरा वेळा लिहिले. दुकान रिकामे असले की तो डोळे तपासायच्या तक्त्यासमोर उभा राहून म्हणून पाही.

"मोठ्या आवाजात!" सकिना घरी सांगे. "समोर माणसं हायत, मासळी नाय मेलेली."

"त्यांना राग आला तर?"

"तारीफ करतांव ना? तारफेचा राग कुणाला येतो?"

नूरुद्दीनला हे पटले. माणूस थकला आहे, लिखाण सोडायला निघाला आहे, आणि कुणीतरी त्याला सांगायला हवे की बाबा, तू वर्षागणिक चढत गेलास. हे आपल्याशिवाय सांगणारे मस्कतमध्ये कुणी नाही. आपल्यावाचून आजवर कुणाचे काही अडले नव्हते; यावेळी अडले होते. त्याने बाराव्यांदा भाषण उतरवून काढले.

कार्यक्रम शुक्रवारी संध्याकाळी रुवीतल्या एका हॉलमध्ये होता. मार्टिनबरोबर नूरुद्दीन लवकर गेला. सकिना, थेरेसा आणि मेहविश मागून येणार होत्या. पाहुण्यांची सही घ्यायला म्हणून सकिनाने चारही कॅसेटी पिशवीत घ्यायचे ठरवले होते.

उकिडवे साठीचे, उंच, ओढलेल्या चेहऱ्याचे गृहस्थ होते. ते खुर्चीच्या कडेवर बसले होते, उठून जाणे सोपे पडावे असे. नयनाताईंनी ओळख करून दिली, नूरुद्दीन माईकजवळ गेला, आणि त्याने समोर पाहिले. तीनशे माणसे. त्याने मनातल्या मनात ती सगळी माणसे म्हणजे तक्त्यावरची अक्षरे आहेत असे धरले आणि वाचायला सुरुवात केली.

"पहिल्या पर्वात," तो म्हणाला, "लेखकाचा हात अजून बसलेला नव्हता."

हॉल एकदम शांत झाला. लोक लक्ष देत आहेत हे पाहून नूरुद्दीनला धीर आला.

"कोर्ट, विजा, दागिने. एकच थप्पड तीन वेळा. नायकाची स्मृती गेली, आणि खरं सांगायचं तर, पाहणाऱ्यालाही वाटतं की आपली गेली असती तर बरं झालं असतं." कुणीतरी फुसकन हसले. "पण नवशिक्या लेखकाचं असं होतंच. त्याला धास्ती असते, की लोक उठून जातील. म्हणून तो आवाज करतो."

उकिडव्यांची मान ताठ झाली. पुढच्या रांगेत नयनाताईंनी नवा चष्मा काढून पुसला आणि पुन्हा घातला. मार्टिन मात्र पहिल्या रांगेतून अंगठा वर करत होता.

"दुसऱ्या पर्वात लेखकाला आपली चूक कळली. पहिलं काम त्यांनी काय केलं? मेलेल्या आप्पांना परत आणलं." हॉलमध्ये हशा फुटला. आपल्या बोलण्यावर माणसे हसतात, हा अनुभव नूरुद्दीनला नवा होता. तो गोड होता. त्याने कागदावरून नजर काढली आणि आवाज चढवला. "माणसं मारणारे लेखक पुष्कळ. चूक झाली म्हणून माणूस जिवंत करणारा मी हा एकच पाहिला! शेवटी त्यांनी आप्पांना एकदा मारून पाहिलं, पण करमेना. तिसऱ्या पर्वात लगेच परत आणलं."

आता मागच्या रांगा खिदळू लागल्या. उकिडवे खुर्चीचे दोन्ही हात धरून निम्मे उठले होते. त्यांचा चेहरा लाल झाला होता. नूरुद्दीनला वाटले, माणूस भारावला आहे.

"आत्याबाई काढून टाकल्या. मूल काढून टाकलं. कुंदाचं रडणं..."

तेवढ्यात हॉलचे मागचे दार उघडले. सकिना आत आली. ओढणी सरकलेली, धाप लागलेली. तिच्या मागे थेरेसा आणि मेहविश. सकिनाने एक हात वर केला. हातात कॅसेट होती आणि ती दिव्याखाली तेलकट चकाकत होती.

झाले होते ते असे. सहीला स्वच्छ जागा हवी म्हणून सकिनाने, बरणीवरचे कागद काढायची तिची नेहमीची रीत होती त्याप्रमाणे, एक नंबरच्या कॅसेटीला खोबरेल तेल चोळले. अरबी एक सुटून तिच्या बोटाला चिकटला, आणि खालून भावाचे अक्षर वर आले. मग तिने चारही चोळल्या. मग टॅक्सी केली.

वीस वर्षे नूरुद्दीन लोकांना लांबून अक्षरे वाचायला लावत होता. आज पन्नास फुटांवरून त्याने स्वतः वाचली, चष्म्यासकट, पहिल्याच खेपेला, नि:शंकपणे. 'पर्व ४. शेवट.'

त्याच्या डोक्यात सगळी मालिका एखाद्या कॅसेटीसारखी गरगर मागे फिरली. मूल बोर्डिंगला गेले नव्हते, जन्मले नव्हते. कुंदा आणि बापट सोंग करत नव्हते. आप्पा परत आले नव्हते. आप्पा चार वर्षे एका वाटीकडून एका फोटोकडे चालत गेले होते, आणि ज्याने त्यांना तिकडे नेले तो माणूस शेजारी निम्मा उठून उभा होता, आणि त्याला सगळ्यांसमोर आपण नवशिक्या म्हणालो होतो.

हॉल वाट पाहत होता. नूरुद्दीनने कागदाची घडी घातली. पुन्हा उघडली. खोटे बोलायचे तर त्यालाही सराव लागतो, आणि तो त्याला नव्हता.

"माफ करा," तो माईकमध्ये म्हणाला. आवाज पुन्हा घरातला झाला होता. "मी मालिका उलटी पाहिली. कॅसेटींवर अरबी आकडे होते. ते उजवीकडून घातलेले होते. मी बरोबर वाचले, पण... चुकीच्या बाजूने सुरू केलं. मला वाटलं साहेब सुधारत गेले."

मग कुठेतरी मार्टिनचे खणखणीत "ओ माय गॉड, ते बोर्डिंग!" ऐकू आले आणि सगळा हॉल कोसळला. माणसे खुर्च्यांवरून वाकून हसत होती. नयनाताईंनी पदर तोंडावर घेतला. हसण्यासाठी की लाजेसाठी, हे त्यांनाही सांगता आले नसते. नूरुद्दीन खाली उतरायला पायरी शोधू लागला. ती सापडेना.

उकिडवे पूर्ण उठले होते. ते दाराकडे निघाले नाहीत. माईकपाशी आले.

"थांबा हो," ते नूरुद्दीनला म्हणाले. "चौथ्याचं काय लिहिलंय ते राहिलं. तुमच्या चौथ्याचं."

"साहेब, आता कशाला..."

"वाचा."

नूरुद्दीनने कागद डोळ्यांजवळ धरला. "चौथ्या पर्वात लेखकाने लग्नही काढून टाकलं. राहिली दोन दारं आणि एक वाटी. एवढ्यावर तेरा भाग लिहायला फार धीर लागतो. तो यायला या लेखकाला चार वर्षं लागली. आम्ही... आम्ही दार्सैतचे लोक त्यांना एवढंच सांगू इच्छितो, की आता मागे फिरू नका."

हशा ओसरला होता.

"पुण्यात मला विचारलं, का बिघडली," उकिडवे म्हणाले. "ते मलाही ठाऊक होतं. मालिका चालली की लोक सांगतात, यात एक आत्या घाला. आत्या चालली की कोर्ट घाला. कुणी काढायला सांगत नाही. हा कागद मला मिळेल का?"

"ह्यात खाडाखोड आहे," नूरुद्दीन घाईने म्हणाला. "चांगली प्रत करून देतो."

"खाडाखोडच हवीय," उकिडवे म्हणाले आणि त्यांनी कागद खिशात टाकला.

घरी जाताना टॅक्सीत सकिनाने तेलकट कॅसेटी ओढणीने पुसल्या. मग म्हणाली, "तीनशे माणसांत बोललांव. आवाज फुटला शेवटी."

"शेवटी नाय," नूरुद्दीन म्हणाला. "सुरुवातीला."

पुढच्या वर्षी मुंबईहून एक पुडके आले. त्यातली एकुलती एक कॅसेट रीतसर तपासून, वर अरबी एकाचा कागद चिकटून नूरुद्दीनच्या हाती पडली. शुक्रवारी चार वाजता सगळे मार्टिनकडे जमले. "एक आहे ना? लाव," मार्टिन म्हणाला. नूरुद्दीनने ती लावली नाही. त्याने थेरेसाकडे खोबरेल तेल मागितले.

कागदाखालचे अक्षर अरहमचे नव्हते. बारीक, तिरके होते. 'पर्व पाचवे. तुमच्या बाजूने शून्य. भा. उ.'

कॅसेट सुरू झाली. दोन दारे. एक वाजते, दुसरे उघडते. उंबऱ्यात आप्पा राजवाडे उभे, हातात वाटी.

पुढे कळले की मुंबईत त्या भागावरून मोठा गहजब झाला. मेलेला माणूस कसा आला, कुणी सांगेल का, म्हणून वर्तमानपत्रांत पत्रे आली. त्याच आठवड्यात वसईहून शेरॉनचा फोनही आला. "थेरेसा, अगं काय हा चावटपणा! दोन वर्षांपूर्वी मेलेला तो. फोटोला हार होता. आणि आता साखर मागतोय!"

थेरेसाने फोन हाताने झाकून सकिनाला सगळे सांगितले.

"तिला सांग," सकिना आपली रिकामी वाटी तिच्यापुढे धरत म्हणाली, "आमच्याकडं तो अजून मेलाच नाय."